पाणी पूर्वेला, कापूस पश्चिमेला: यवतमाळहून समुद्राकडे

यवतमाळातल्या एखाद्या नोकरदार कुटुंबाने जोडून आलेल्या सुट्ट्या पाहून चार दिवस समुद्रावर जाऊन यायचे ठरवले, की बोलणे बहुधा एकाच प्रश्नापासून सुरू होते: कोकण की गोवा? क्वचित मुंबई, अलिबाग. काकीनाडा, मछलीपट्टण, बापटला ही नावे त्या चर्चेत येतच नाहीत. विशाखापट्टण आलेच तर ते 'साउथची टूर' या वेगळ्या खात्यात. समुद्र म्हणजे पश्चिमेचा समुद्र, हे गृहीतक इतके अंगवळणी पडले आहे की त्याला काही इतिहास असेल, अशी शंकाही येत नाही.

नकाशा पुढ्यात घेऊन पट्टी लावली तर मात्र ती येते. यवतमाळहून सरळ रेषेत मुंबई साधारण पावणेसहाशे किलोमीटर आहे. काकीनाडाही तेवढेच, मछलीपट्टणही तेवढेच. ज्या मालवण-तारकर्लीकडे आज आपल्या सहली वळतात, ते या तिन्हींहून शंभरेक किलोमीटर लांब पडते. म्हणजे हा जिल्हा दोन समुद्रांच्या जवळजवळ मध्यावर बसलेला आहे आणि त्याला निवड करण्याची पूर्ण मुभा होती. त्याच्या पाण्याने ती केव्हाच केली आहे. पूस, अरुणावती, अडाण पैनगंगेला मिळतात, बेंबळा वर्धेला. पैनगंगा घुग्घुसजवळ वर्धेत जाते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचापाशी गोदावरीत उतरते आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फोडून बंगालच्या उपसागराला मिळते. यवतमाळात पडलेला पावसाचा थेंब समुद्राला गेलाच तर पूर्वेच्या समुद्राला जातो. माणसे तेवढी पश्चिमेला जातात. असे का, याचा शोध घेताना चार दिवसांच्या सहलीच्या बेतामागे दोनशे-सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उभा असलेला दिसतो. त्याची काही पाने उलटून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना इथे रुक्मिणी आठवेल. कौंडिण्यपूर वर्धेच्या काठी, आजच्या अमरावती जिल्ह्यात, यवतमाळच्या सीमेपासून फार दूर नाही. तिथली राजकन्या द्वारकेला गेली. नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत मराठी कवींनी ज्या कथेवर आख्यानकाव्ये रचली, ती एका अर्थी विदर्भातून समुद्राकडे झालेल्या पहिल्या प्रवासाची कथा आहे; आणि तीही पश्चिमेलाच जाते. पण पुराणकथेवरून दिशेचा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. प्रत्यक्ष यात्रेकरूला समुद्र दिसत असे तो द्वारका, रामेश्वर आणि जगन्नाथपुरी या तिन्ही ठिकाणी. शिवाय त्या यात्रेत 'चार दिवस' हा शब्द बसत नव्हता. ती महिनोन्‌महिन्यांची, बहुधा आयुष्यात एकदाची, निघण्यापूर्वी व्यवहार मिटवून करायची गोष्ट होती. समुद्र हे स्नानाचे तीर्थ होते. वाळूत बसून नुसते पाहत राहण्याची ती जागा नव्हती.

पुरीचे नाव आले आहे तर तिथे थोडे थांबायला हवे. मराठी इतिहासकथनात अटकेपार गेलेल्या झेंड्याचे जेवढे कौतुक झाले, त्याच्या दशांशानेही नागपूरकर भोसल्यांच्या किनाऱ्याचे झालेले नाही. १७५१ ते १८०३ अशी बावन्न वर्षे ओरिसा नागपूरकरांच्या ताब्यात होता. कटक, बालेश्वर, पुरी हा सारा प्रदेश नागपूरच्या राज्याला जोडलेला होता. जगन्नाथाच्या मंदिराची व्यवस्था मराठ्यांकडे होती, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ आज पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा आहे तो मराठ्यांच्याच काळात तिथे आणला गेला. म्हणजे कोकणपट्टीशी काडीचाही राजकीय संबंध नसलेल्या विदर्भाला त्या काळी स्वतःचा समुद्र होता, आणि तो पूर्वेचा होता. वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड, ज्यात आजचा यवतमाळ जिल्हा येतो, तेव्हा दोअंमली होता. महसुलात निजामाचाही वाटा आणि भोसल्यांचाही.

१७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी त्या एकाच कागदाने दोन गोष्टी सोडल्या: बालेश्वर बंदरासह कटकचा प्रांत इंग्रजांना, आणि वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क, जो पुढे निजामाकडे गेला. यवतमाळ भोसल्यांच्या हातून सुटणे आणि नागपूरचा समुद्र सुटणे, दोन्ही एकाच तहाची कलमे आहेत. आपल्या शालेय इतिहासात हा तह आडगाव आणि गाविलगडच्या पराभवाची तळटीप म्हणून येतो. विदर्भाच्या भूगोलाच्या दृष्टीने तो त्याहून पुष्कळ मोठा आहे.

राज्य गेले तरी वाटा राहतात. ह्या जिल्ह्यात समुद्र सामान्य माणसाच्या घरी नित्य येत होता तो मिठाच्या रूपाने, आणि तो आणणारे होते बंजारे. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागातले तांडे आज स्थिरावलेले दिसतात. पण त्यांच्या पूर्वजांची लदेणी किनाऱ्याकडून मीठ आणि परतताना धान्य-कापूस घेऊन शेकडो कोस चालत असे. 'लमाण' या नावाचा संबंध 'लवण' शब्दाशी जोडण्याची प्रथा आहे. व्युत्पत्तीबद्दल मतभेद असू शकतात, धंद्याबद्दल नाहीत. बैलाच्या पाठीवरचे मीठ जिथून स्वस्त आणि वाट जिथून सोपी, तिथून येणार. दिशेचा हट्ट त्या व्यवहारात नव्हता. तो आणला कापसाने.

आणि कापसाचीही पहिली योजना पूर्वेची होती, ही ह्या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्ट. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे अभियंते आर्थर कॉटन (नावाचा योगायोग सोडून देऊ) यांची ठाम धारणा होती की हिंदुस्थानला आगगाडीपेक्षा जलमार्ग परवडेल. १८५२ साली तो बंधारा पुरा झाला आणि गोदावरीचे खालचे खोरे कालव्यांनी काकीनाडा बंदराशी जोडले जाऊ लागले. मग साहजिकच प्रश्न आला, की नदी तर वर वर्धेपर्यंत जाते. नावाही का जाऊ नयेत? वऱ्हाड आणि नागपूरचा कापूस वर्धेच्या काठी नावेत भरायचा, प्राणहितेतून गोदावरीत उतरवायचा आणि काकीनाडाला जहाजावर चढवायचा, अशी ती योजना. हेग नावाच्या लष्करी अभियंत्याने १८५०च्या दशकात नदीची पाहणी केली. मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमेरिकेबाहेरचा कापूस हवाच होता, त्यांनी लंडनमध्ये या योजनेचा पाठपुरावा केला. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही ती उचलून धरली.

अडचण होती ती खडकांची. सिरोंचाच्या वर-खाली नदी तीन ठिकाणी खडकाळ पट्ट्यांतून उतरते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरी. कागदपत्रांतून त्यांना पहिला, दुसरा व तिसरा अडथळा असेच म्हटले जाई. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून, बाजूने कालवा खोदून, जलपाशांतून नावा वर-खाली करायच्या होत्या. दुम्मागुडेमचा बंधारा झाला आणि तो आजही आहे. वरच्या दोन्ही ठिकाणी काम सुरू होऊन रेंगाळले. प्रदेश जंगलाचा, हिवतापाचा, मजूर टिकेनात. नदी वर्षातले काही महिनेच नावा चालण्याजोगी. खर्च मात्र वाढत चालला. इकडे १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-बडनेरा-वर्धा करीत नागपूरला पोहोचली, आणि वर्धेच्या काठचा कापूस दोन-तीन दिवसांत मुंबईच्या गोदीत पडू लागला. १८७१ साली सरकारने वरच्या गोदावरीचे काम सोडून दिले.

मला हे १८७१ साल यवतमाळच्या इतिहासात महत्त्वाचे वाटते, जरी जिल्ह्याच्या कोणत्याही कालपटात ते सापडणार नाही. योजना तडीस गेली असती तर वणी हे नदीबंदराच्या पंचक्रोशीतले गाव झाले असते, यवतमाळच्या अडत्यांचे पत्ते काकीनाडाचे असते आणि आपली चार दिवसांची सहल कदाचित कोरिंगाच्या खारफुटीत नाहीतर अंतर्वेदीच्या किनाऱ्यावर झाली असती. जर-तरचा इतिहास फार ताणू नये. पण एवढे खरे, की पश्चिमेचा समुद्र 'आपला' होण्याचे पहिले कारण भाषा नाही, संस्कृती नाही. ते मालवाहतुकीचा दर हे आहे.

पुढचा भाग परिचित आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला आणि त्या पैशावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या; पण किनाऱ्याची रेषा सरकायची ती सरकली. खानदेश, गुजरात, वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून आलेला कापूस एका अर्थी मुंबईच्या समुद्रात भर घालीत होता. आज हार्बर मार्गावरच्या 'कॉटन ग्रीन' स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना त्या नावामागची वऱ्हाडातली बंडी आठवत असेल, कोण जाणे.

यवतमाळला मात्र मुख्य मार्ग कधीच लाभला नाही. सर्वांत जवळचे स्थानक धामणगाव, सुमारे पन्नास किलोमीटरवर. कापसाच्या गाड्या तिथवर हाकाव्या लागत. १९१० साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने, म्हणजे व्यवहारात मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने, मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अडीच फुटी रुळांचा मार्ग टाकला. तीच आपली शकुंतला. रुळ वऱ्हाडात, मालकी मुंबईच्या पेढीची, आणि वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनवलेले. ज्या गावाने कापूस मागितला त्याच गावाने तो वाहून नेणारे इंजिन धाडले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते इंजिन निवृत्त झाले, डिझेल आले, आणि पुढे गाडीच बंद पडली. शकुंतलेवर हळवे लेखन पुष्कळ झाले आहे. तिची दिशा मात्र फारशी कुणी पाहिली नाही. पूर्वेला वर्ध्याशी किंवा दक्षिणेला नांदेडशी न जोडता ती यवतमाळला उलट पश्चिमेकडे, मूर्तिजापूरला नेत होती, कारण तिथून डबे मुंबईकडे वळवणे सोयीचे होते. शंभर वर्षे या गावाची माणसे कापसाच्या मागे मागे त्याच वाटेने गेली. पूर्वेचा लोहमार्ग, बल्लारशा ते काझीपेठ, १९२०च्या दशकाच्या अखेरीस जोडला गेला. तोवर सवय लागून गेली होती.

आगगाडीने माल नेला तसे रिकामपणही आणले, पण ते सर्वांना सारखे वाटले नाही. लंडनहून ब्रायटनला रेल्वे गेली १८४१ साली, आणि थोड्याच काळात ते राजेरजवाड्यांचे हवा खाण्याचे गाव सामान्य लंडनकराच्या एका दिवसाच्या सहलीचे ठिकाण झाले. समुद्रकाठचे 'सुट्टीचे गाव' ही कल्पना जगाला तिथून मिळाली. मराठीतली सागराला उद्देशून लिहिलेली सर्वांत लोकप्रिय कविता सावरकरांनी १९०९ साली ह्याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली, हे आपण वर्गात सांगतो. ब्रायटन काय प्रकारचे गाव होते, हे सांगत नाही. भोवती सुट्टी घालवायला येणाऱ्यांचे गाव, आणि मध्ये परत जाण्याची वाट बंद झालेला एक माणूस, हा त्या कवितेचा प्रसंग आहे. तो ध्यानात घेतला तर कवितेतली तळमळ अधिक धारदार होते, असे मला वाटते.

सुट्टीसाठी आधी सुट्टीचा दिवस असावा लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. गिरणीत कापूस कातणाऱ्याला आठवड्याचा एक दिवस मिळाला. शेतात तो वेचणाऱ्या बाईला तो आजही नाही. इंग्रज अधिकाऱ्यांची वऱ्हाडातली हवापालट चिखलदऱ्याला होत असे, आणि वकील-डॉक्टरांच्या पहिल्या पिढीनेही तीच वाट धरली. उन्हाळ्यातून पळायचे ते डोंगरावर. समुद्र हा त्या हवापालटाचा भाग नव्हता.

समुद्र नसणे म्हणजे काय, हे यवतमाळला एकदा फार लख्खपणे कळले. एप्रिल १९३० मध्ये दांडीला मीठ उचलले गेले आणि देशभर मिठाचा कायदा मोडायची लाट आली. वऱ्हाडने काय मोडावे? अकोला जिल्ह्यात खारपाणपट्टा आहे, तिथे दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करता आले. यवतमाळ जिल्ह्यात तेही नाही. मग जे होते ते निवडले गेले: जंगल. राखीव वनांतले गवत कापण्यावरची बंदी इथल्या शेतकऱ्याला मिठाच्या कराइतकीच जाचत होती. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद भागात गवत कापून वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहाला प्रारंभ केला. पाठ्यपुस्तकांत जंगल सत्याग्रह हा मिठाच्या सत्याग्रहाचा 'स्थानिक प्रकार' म्हणून एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते त्यात एका भूप्रदेशाने आपल्या अभावाला दिलेले उत्तर आहे: किनारा नाही, तर आमचा कर कुठे आहे ते आम्ही शोधतो. गवताची पेंढी ही मिठाच्या चिमटीची नक्कल नव्हती.

अण्यांचे चरित्र या दृष्टीने फार सूचक आहे. १८८० साली वणीला जन्म, यवतमाळला वकिली, टिळकांचे निष्ठावंत. १९४३ ते ४७ ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते; म्हणजे समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा हा पुढारी चार वर्षे बेटावर राहिला. उत्तरायुष्यात त्यांनी टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहिले आणि त्याला नाव दिले 'श्रीतिलकयशोऽर्णवः', टिळकांच्या यशाचा समुद्र. १९६८ साली ते वारले. या काव्याला १९७३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. आणि हेच अणे स्वतंत्र विदर्भाचे कट्टर पुरस्कर्ते होते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे राज्य सुचवले होते. ते झाले असते तर यवतमाळच्या राज्याला किनाराच नसता. कोकण त्याच्यासाठी जेवढे परके तेवढाच आंध्रचा किनारा, आणि कदाचित मग मोजपट्टी लावून निवड झाली असती.

तसे झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि यवतमाळच्या माणसाच्या नावावर एका रात्रीत सातशे-सव्वासातशे किलोमीटरचा समुद्रकिनारा लागला. तीनच वर्षांनी त्या किनाऱ्यावरच्या राजधानीत मुख्यमंत्री म्हणून बसले ते पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावरचे वसंतराव नाईक. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, सलग अकरा वर्षांहून अधिक. त्यांच्याच कारकिर्दीत नरिमन पॉइंटची भर पडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन होऊन खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची आखणी झाली. मीठ वाहणाऱ्या तांड्यांचा वंशज समुद्रकाठचे शहर आखतो, यात जो काव्यन्याय आहे त्यावर मराठीत अजून चांगली कादंबरी आलेली नाही. ही तक्रार नोंदवून ठेवतो.

राज्याबरोबर साहित्यही आले. साठोत्तरी पिढीतल्या वैदर्भीय वाचकाने समुद्र आधी पुस्तकात पाहिला आणि मग डोळ्यांनी. श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' १९५२ची, खानोलकरांची 'कोंडुरा' १९६६ची. पोफळीच्या बागा, खाजणे, तरी, मचवे हे शब्द वणी-पुसदच्या शाळेत शिक्षक फळ्यावर अर्थ लिहून शिकवीत. तुरीच्या, सरकीच्या, डवरणीच्या शब्दांसाठी रत्नागिरीच्या शाळेत तेवढा खडू झिजला असेल असे वाटत नाही. मराठी साहित्याचा समुद्र पश्चिमेचा आहे, आणि त्याच्याविषयी कृतज्ञ राहूनही हे सांगायला हवे की पूर्वेच्या समुद्राशी मराठीचा संबंध आपण विसरू दिला. पुरीचा उल्लेख वर आला. तंजावरच्या सरफोजीराजांनी बंगालच्या उपसागराच्या काठी १८१४-१५ च्या सुमारास, नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ, आठ मजली कोट बांधला. त्याचे नाव आजही 'मनोरा' असेच आहे, तमिळ मुलखात, मराठीत. राजकुटुंब तिथे विश्रांतीसाठी जात असे. समुद्रकाठी चार दिवस राहण्याची, यात्रेशिवायची, निव्वळ हौसेची जागा मराठी माणसाने बांधली ती पूर्वकिनाऱ्यावर. १९७३ साली गदिमांच्या आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळात साहित्य संमेलने झाली. तीत हा विषय कधी परिसंवादाला आला असता तर गर्दी झाली नसती, पण ऐकणाऱ्यांना लाभ झाला असता.

आजच्या बेताकडे येऊ. शासकीय कर्मचाऱ्याला रजा प्रवास सवलतीत 'महाराष्ट्र दर्शन' घेता येते, आणि नावाप्रमाणेच ते राज्याच्या सीमेवर थांबते. म्हणजे १९६० ची सीमा आजही प्रवासभत्त्याच्या देयकात जिवंत आहे: मालवण जवळ, बापटला लांब. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. अलीकडच्या वर्षांत नागपूर-मडगाव अशी विशेष गाडीही धावू लागली, जी बडनेऱ्याला गाठायची आणि जवळजवळ पूर्ण दिवस-रात्र बसायचे. चारांतले दोन दिवस रुळांवरच जातात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पुरा झाला. आणि आता पवनार ते पत्रादेवी असा आठशे किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला आहे, जो यवतमाळ जिल्ह्यातून जाऊन गोव्याच्या सीमेवर टेकणार. नागपूर-गोवा अंतर अठरा-वीस तासांवरून आठ-दहा तासांवर येईल, हे त्याचे अधिकृत समर्थन. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी बागायती जमीन जाते म्हणून त्याला तीव्र विरोध केला. आपल्याकडची जमीन कोरडवाहू, म्हणून तिचा आवाज बारीक. समुद्राला लवकर पोहोचायचे तर कुणाच्या तरी वावरातून जायचे, हे सहलीचे गणित मांडताना धरले जात नाही.

अलीकडे समुद्रावर जाण्यात आणखी एक आकर्षण आले आहे, लाटेवर फळी घेऊन उभे राहण्याचे. सर्फिंगसाठी कर्नाटकातले मुल्की गाजले, विशाखापट्टणजवळच्या रुशिकोंड्यालाही मुले शिकायला जातात. मुल्कीजवळच्या सशिहित्लू किनाऱ्यावर २०१६ पासून राष्ट्रीय स्पर्धा झाल्या त्या मे अखेर-जूनच्या सुमारास, कारण पश्चिम किनाऱ्यावर जोरदार लाट मान्सूनबरोबर येते. तीच मान्सूनची चाहूल यवतमाळात पेरणीची वेळ ठरवते. लाट चांगली असते तेव्हा शेतकऱ्याच्या हातात बियाण्याची पिशवी आणि डोक्यात कर्जाचा आकडा असतो. २००६ मध्ये ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत हा जिल्हा होता, आणि आत्महत्यांच्या बातम्यांत त्याचे नाव त्यानंतरही येत राहिले. चार दिवसांचा बेत हा इथे पगारी घरांचाच विषय राहिला आहे, आणि त्या घरांनीही तो जानेवारी-फेब्रुवारीत, कापूस विकून बाजारात पैसा फिरतो तेव्हा आखावा, असा जुना प्रघात आहे. तो पूर्वकिनाऱ्यालाही मानवतो, कारण तिकडची वादळे बहुतांशी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येऊन जातात.

तेव्हा कुणाला पाण्याच्या मागे जाऊन पाहायचेच असेल तर वाट अगदीच नाही असे नाही. पांढरकवड्यावरून आदिलाबाद गाठले की तिथून तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्स्प्रेस विजयवाड्याच्या पुढे बापटल्याला थांबते. सूर्यलंकेचा किनारा तिथून दहाएक किलोमीटर. चंद्रपूर-बल्लारशाहून विजयवाडा, विशाखापट्टणकडे जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातूनच उतरतात, जिथे कॉटनच्या नावा चालणार होत्या. खुद्द यवतमाळला मात्र सध्या गाडी नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. कळंबहून यवतमाळ वीस-बावीस किलोमीटर आहे.